वेटिंगची यादी: इंदूरच्या कॉलेज-प्रवेशांचा थोडा इतिहास



जुलै लागला की इंदुरातल्या मराठी घरांत एकमेकांना विचारायचा प्रश्न ठरलेला असतो: "काय, नंबर लागला का?" आणि उत्तर बरेचदा येतं, "वेटिंगमध्ये आहे." हे सांगताना आईवडिलांचा आवाज जरा खाली येतो. धड नाही म्हणता येत नाही आणि पेढेही वाटता येत नाहीत.

आपल्या आठवणींत होळकरांचे वाडे येतात, गणेशोत्सव येतो, पोहे-जिलेबी तर येतेच येते. प्रवेशाच्या गोष्टी मात्र प्रत्येक घर आपापल्यापुरत्या ठेवतं. खरं तर बाहेरच्या प्रांतात चार-चार पिढ्या टिकलेल्या आपल्यासारख्या घरांना आधार होता तो शिक्षणाचाच. इनामं गेली, संस्थानच्या नोकऱ्या गेल्या, वाड्यांच्या वाटण्या झाल्या. मुलांच्या हातात द्यायला राहिली ती डिग्री. म्हणून म्हटलं, यावर एकदा सविस्तर लिहावं.

मी स्वतः इंदुरातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात १९८१ ते २०१३ नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं प्रवेशाच्या टेबलावर. कॉलेजचं नाव लिहीत नाही. जे आमच्याकडे चालायचं तेच थोड्याफार फरकाने शेजारीही चालायचं. इतकी वर्षं याद्या केल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. मुख्य यादीत सहसा गडबड नसायची, कारण ती फळ्यावर लागायची आणि सगळं गाव ती बोट ठेवून वाचायचं. गडबडीला जागा असायची ती त्याखालच्या यादीत. आणि गंमत अशी की, मुख्य यादीचे नियम एकेक करून कोर्टात तपासले गेले, त्यांचा इतिहास कायद्याच्या पुस्तकांत छापून आला. वेटिंगकडे लक्ष जायला मात्र पन्नास वर्षं लागली.

सुरुवात इंदुरापासूनच करावी लागते. स्वतंत्र भारतात प्रवेशाच्या नियमांवर जे अगदी सुरुवातीचे मोठे खटले झाले, त्यातला एक आपल्या इथल्या मेडिकल कॉलेजचा आहे. इथलं किंग एडवर्ड मेडिकल स्कूल १८७८ सालचं. त्याच परंपरेत १९४८ साली महात्मा गांधी स्मारक मेडिकल कॉलेज सुरू झालं. १९५२ साली दिल्लीचे रहिवासी असलेले डी. पी. जोशी तिथं विद्यार्थी म्हणून दाखल झाले. त्या वेळचं आपलं राज्य म्हणजे मध्यभारत. कॉलेजचा नियम असा होता की मध्यभारताच्या 'बोनाफाईड' रहिवाशांकडून कॅपिटेशन फी घ्यायची नाही. बाहेरच्यांकडून मात्र पूर्वीप्रमाणेच घ्यायची, 'नॉमिनी' असेल तर १३०० रुपये आणि बाकीच्यांकडून १५०० रुपये. १९५२ साली १५०० रुपये म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात त्या काळच्या मास्तरांच्या किंवा कारकुनाच्या पगाराच्या गोष्टी सांगितल्या जातात त्यांना कळेल.

जोशी थेट सुप्रीम कोर्टात गेले. म्हणणं असं की हा जन्मस्थानावरून केलेला भेदभाव आहे आणि घटनेत तो चालत नाही. २७ जानेवारी १९५५ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. चौघांनी नियम उचलून धरला, न्या. जगन्नाथदास यांनी वेगळं मत लिहिलं. बहुमताचं म्हणणं थोडक्यात असं की, जन्मस्थान आणि रहिवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्य स्वतःचा पैसा कॉलेजवर घालत असेल, तर शिकून इथंच दवाखाना टाकायची शक्यता ज्यांची जास्त, त्यांना सवलत देणं गैर नाही.

आता आपल्यासाठी त्यातला महत्त्वाचा भाग. 'बोनाफाईड रहिवासी' कोण, हे त्या नियमात स्पष्ट लिहिलेलं होतं. ज्याचं मूळ अधिवास मध्यभारतात आहे आणि ज्याने ते सोडून दुसरीकडचं घेतलेलं नाही, तो. किंवा मूळचा बाहेरचा, पण इथं स्थायिक होऊन अर्ज करतेवेळी किमान पाच वर्षं राहिलेला, तो. ३० सप्टेंबर १९४८ च्या आधी पाकिस्तानातून आलेला आणि इथंच कायम राहू इच्छिणारा, तो. आणि शेवटी शेजारच्या प्रदेशातल्या ज्यांना सरकार पात्र जाहीर करील, ते. म्हणजे मल्हाररावांच्या वेळी आलेला असो की १९४६ साली रेल्वेच्या नोकरीनिमित्त येऊन रामबागेत बिऱ्हाड केलेला असो, आपला माणूस पहिल्या दोन कलमांत बसत होता. आडनाव कुलकर्णी आहे आणि देव जेजुरीला आहे म्हणून कोणी त्याला बाहेरचा म्हणू शकत नव्हतं. निदान कागदावर तरी. खिडकीवरचा बाबू "आपका मूल गाँव कौन-सा?" असं विचारून कपाळाला आठ्या घालायचा ते वेगळं. आमच्या दादांनी एकदा त्याला उत्तर दिलं होतं, "जिथं आजोबांची तिरडी उठली ते." बाबूला मराठी कळत नव्हतं ते बरंच झालं.

रहिवासाचा हा प्रश्न आपल्या सगळ्या गावांत वेगवेगळ्या रूपात येतो. हैदराबादच्या मंडळींना 'मुलकी' शब्द समजावून सांगायला नको. तिथं १९७४ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ८५ टक्के जागा त्या त्या भागातल्या स्थानिक विद्यार्थ्यांसाठी ठेवल्या गेल्या. बेळगाव-निपाणी-कारवारकडच्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने आपल्या प्रवेशांत वेगळी सोय ठेवलेली आहे. आम्हा इंदूर-ग्वाल्हेरवाल्यांना तशी काही सोय नाही. पुण्याला मावशीकडे राहून शिकायला गेलेलं मूल तिथं 'आउटसाइड महाराष्ट्र'मध्येच मोजलं जातं. त्यामुळे आमच्या मुलांचं जे काही व्हायचं ते मुख्यतः इथल्याच यादीत. पुढे १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भारतात अधिवास एकच, तो भारताचा. राज्याचं वेगळं 'डोमिसाइल' असं काही नसतं, फार तर रहिवास म्हणा. आणि शंभर टक्के जागा स्थानिकांना ठेवता येणार नाहीत. एम.बी.बी.एस.च्या १५ टक्के अखिल भारतीय जागा त्यातूनच पुढे आल्या.

पण जोशींच्या खटल्यातून मला दिसतं ते वेगळंच. ते हरले, तरी कोर्टात जाऊ शकले, कारण नियम लिहिलेला होता. १३०० लिहिलं होतं, १५०० लिहिलं होतं, 'नॉमिनी' हा शब्दसुद्धा लिहिला होता. कोणीतरी नेमून पाठवलेल्याला दोनशे रुपये कमी, हे वाचून आज आपल्याला हसू येईल, पण ते दडवलेलं नव्हतं. लिहिलेल्या गोष्टीशी भांडता येतं. वेटिंगच्या यादीबद्दल आमच्या कार्यालयात काहीच लिहिलेलं नव्हतं.

मुख्य यादी टाइप व्हायची, तीन कार्बन लावून. प्राचार्यांची सही, गोल शिक्का, आणि मग काचेच्या फळ्यात कुलूप लावून. वेटिंगची यादीही कधी कधी लागायची, पहिली दहा-पंधरा नावं. त्यानंतर जे काही व्हायचं ते टेबलाच्या खणातल्या रजिस्टरात. मुख्य यादीतल्या किती जणांनी पैसे भरलेच नाहीत, किती जण भरून सोडून गेले, त्यामुळे किती जागा मोकळ्या झाल्या, आज कोणता नंबर चालू आहे, यातलं काहीच बाहेर कळत नसे. पालक खिडकीशी येऊन विचारायचे. उत्तर ठरलेलं: "पत्र येईल."

आता या पत्राबद्दल सांगतो. ते रजिस्टर पोस्टाने जात नसे, खर्च वाढतो म्हणून. ते जायचं 'अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग'ने. पोस्टातला माणूस एका कागदावर शिक्का मारून द्यायचा की अमुक पत्त्याची पत्रं आज टाकली. पत्र पोचलं की नाही याचा त्या शिक्क्याशी काही संबंध नसे. टपाल खात्याने २०११ साली ही सोयच बंद केली, पण तोवर देशभरच्या कार्यालयांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम चालवलं होतं. पत्रात लिहिलेलं असायचं, "अमुक तारखेच्या दुपारी चारपर्यंत मूळ कागदपत्रं आणि शुल्क घेऊन हजर राहावं, अन्यथा आपला हक्क संपुष्टात येईल." मुलगा आला नाही तर रजिस्टरात लाल शाईने 'अनुपस्थित' आणि पुढचा नंबर. पुढचा नंबर मात्र कसा कोण जाणे, बरोबर त्या दिवशी कागद घेऊन बाकावर बसलेला असायचा.

आमच्या ताईचं असंच झालं होतं, मी नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधी, १९७६ साली. बी.एड.च्या वेटिंगमध्ये तिचा तिसरा नंबर होता. दादा दोनदा जाऊन विचारून आले, "पत्र येईल" ऐकून परत आले. पत्र आलं ते मुदत संपल्यावर दोन दिवसांनी. पत्रावरची तारीख ९, पोस्टाचा शिक्का १३ चा, हजर व्हायची तारीख १४. आम्ही राहायचो कॉलेजपासून सायकलने वीस मिनिटांवर. ताईने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला आणि मुख्य यादीतच तिचं नाव लागलं. म्हणजे फार काही बिघडलं नाही, असं तेव्हा सगळे म्हणाले. पण तिच्या वर्गातल्या ज्या मुली एक वर्ष आधी शिकून बाहेर पडल्या त्या एक वर्ष आधी सरकारी शाळेत लागल्या. त्या शेवटपर्यंत तिच्या वर राहिल्या. पगारवाढ, बदली, हेडमिस्ट्रेस व्हायची पाळी, सगळ्यात ते एक वर्ष मध्ये यायचं. ताई रिटायर झाली ती लेक्चरर म्हणून. तिने कधी तक्रार केली नाही. ते पाकीट मात्र तिने जपून ठेवलं आहे, देवासच्या घरात कपाटातल्या फाइलीत.

नोकरीला लागल्यावर मला कळलं की ९ आणि १३ मधले चार दिवस नेमके कसे जातात. सही व्हायला एक दिवस, रविवार एक दिवस, शिपाई रजेवर एक दिवस. दर वेळी त्यात डाव असायचाच असं नाही. खूपदा नुसती सुस्ती असायची. पण सुस्ती आणि डाव बाहेरून अगदी सारखे दिसतात आणि कोणी पडताळून बघू शकत नाही. त्यामुळे ज्याला डाव करायचा त्याचं चांगलंच फावतं.

आणखी एक गोष्ट कान पकडून सांगायला हवी. आपल्यात म्हणायची पद्धत आहे की मराठी माणूस वशिल्याच्या भानगडीत पडत नाही, सरळ मार्गाने जातो. माझ्या टेबलावर ज्या सिफारिशीच्या चिठ्ठ्या आल्या, त्यांतल्या कितीतरी उत्तम वळणदार मराठी अक्षरात असायच्या. "चि. अमुक आपल्याच समाजातला, हुशार व गरजू आहे, आपण लक्ष घालालच." कोणाच्या आजोबांची होती ते सांगत नाही!

आमच्याकडे पुढे एक प्राचार्य आले. जुने, कडक, गणिताचे. त्यांनी पहिल्याच वर्षी खणातलं रजिस्टर मागवलं आणि हुकूम काढला. प्रवेशाच्या दिवसांत रोज दुपारी चार वाजता फळ्यावर खडूने तीन आकडे लिहायचे, आज किती जागा मोकळ्या झाल्या, वेटिंगचा कोणता नंबर चालू आहे, आणि त्याची मुदत केव्हा संपते. बाकी काही नाही. पहिल्या आठवड्यात फळ्यासमोर मोठी झुंबड उडाली, आम्ही कारकून मंडळी वैतागलो. दुसऱ्या आठवड्यापासून खिडकीवरची भांडणं थांबली आणि चिठ्ठ्याही कमी झाल्या. चौदाव्या नंबरच्या बापाला माहीत होतं की आज अकरावा चालू आहे. आता कोणी अठराव्याला आत घेतलं असतं तर मधले सगळे दारात उभे राहिले असते. सर तीन वर्षांत बदलून गेले. खडूचे आकडेही त्यांच्याबरोबर गेले.

आता मोठ्या चित्राकडे येतो. मेडिकलसाठी मध्य प्रदेशाने १९७० सालीच प्री-मेडिकल टेस्टचं मंडळ काढलं. इंजिनिअरिंगचं मंडळ १९८१ चं आणि १९८२ साली दोन्ही मिळून व्यावसायिक परीक्षा मंडळ झालं, तेच पुढे बदनाम झालेलं व्यापमं. एकच परीक्षा, एकच गुणवत्ता यादी, ही सुधारणा त्या काळी खरोखर मोठी होती. मुलाखतीत गुण वाढवायचे प्रकार त्याने बंद झाले. देशात इतरत्र ते चालूच होते. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजात दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीवर मुलं निवडली गेली होती, तेव्हा १९८० च्या अजय हसिया निकालात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की मुलाखतीला १५ टक्क्यांहून जास्त गुण ठेवणं मनमानी आहे.

पण एक यादी झाली म्हणून वेटिंगचा गुंता सुटला नाही, उलट वाढला. कारण आता सगळी कॉलेजं एका दोरीत ओवली गेली. समजा इंदूरच्या मेडिकलचा एक मुलगा जागा सोडून दिल्लीला गेला. ती जागा मिळायला हवी ग्वाल्हेरच्या गजरा राजामध्ये बसलेल्या मुलीला, जिला इंदूर हवं होतं. तिची ग्वाल्हेरची जागा जबलपूरच्या मुलाला, त्याची रीव्याच्या मुलाला, आणि रीव्याची जागा वेटिंगवरच्या पहिल्याला. एका राजीनाम्याने चार घरांतल्या वळकट्या हलतात. हे सगळं पत्रांवर करायचं तर महिना जाणार. म्हणून मग काय व्हायचं, वरची हालचाल मध्येच थांबवायची आणि इंदूरची जागा सरळ वेटिंगवरच्या पहिल्याला द्यायची. झालं! ज्याचा नंबर सगळ्यांत खाली तो इंदुरात आणि त्याच्यापेक्षा दोनशे नंबर वर असलेला रीव्यात. नियम मोडलेला नाही, पण अन्याय झालेला आहे.

हा गुंता फक्त आपला नव्हे. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या दोन अमेरिकन गणितज्ञांनी कॉलेज-प्रवेशावर छोटा लेख लिहिला, त्यात वेटिंग लिस्टच्या याच अडचणींपासून सुरुवात केली होती. त्यांची युक्ती सोपी होती. सगळ्यांच्या पसंतीक्रमाच्या याद्या आधीच घ्यायच्या, आणि जागा मिळाली तरी ती कच्ची धरायची, शेवटचा हिशोब होईपर्यंत पक्की करायची नाही. मग वरच्याला डावलून खालच्याला चांगली जागा मिळूच शकत नाही. शॅपलींना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ॲल्विन रॉथ यांच्यासोबत. गेल तोवर गेले होते. आपल्या मुलांनी आय.आय.टी. आणि एन.आय.टी.च्या २०१५ पासूनच्या एकत्रित प्रवेशात 'फ्रीझ', 'फ्लोट', 'स्लाइड' हे जे शब्द ऐकले, त्यांच्यामागे हाच विचार आहे. तिथं प्रत्येक फेरीनंतर कोणत्या शाखेत कोणत्या रँकला दार बंद झालं ते जाहीर होतं. आमच्या सरांचा खडू, फक्त देशभरचा.

मेडिकलमध्ये मात्र वेटिंगची खरी किंमत कळली ती शेवटच्या दिवसाने. प्रवेश अमुक तारखेला बंद झालाच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने वारंवार बजावलं, आणि ते बरोबरच होतं, कारण नोव्हेंबरपर्यंत मुलं भरत राहायची. अनेक वर्षं ही तारीख ३० सप्टेंबर होती. पण बंद व्हायची वेळ ठरली की त्या आधीचे काही तास सोन्याचे होतात. जगदलपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात २००६ साली ३० सप्टेंबरलाच दोन जागा भरल्या गेल्या. त्या जागा आहेत हे वरच्या गुणवत्तेच्या मुलांना कळवलंच गेलं नव्हतं. ज्यांना मिळाल्या त्यांचे क्रमांक बरेच खाली होते. प्रिया गुप्ता विरुद्ध छत्तीसगढ या नावाने हा खटला सुप्रीम कोर्टात गेला, निकाल ८ मे २०१२ चा. तोवर शिक्षण संपत आलं होतं, म्हणून प्रवेश रद्द झाले नाहीत, पण दोघींना प्रत्येकी पाच लाख रुपये भरायला लावले, अधिकाऱ्यांना अवमानाच्या नोटिसा निघाल्या आणि प्रवेशाचं तारीखवार वेळापत्रक कोर्टाने स्वतः घालून दिलं. निकाल वाचताना मला राहून राहून वाटत होतं की ज्यांना कळवलं गेलं नाही त्या मुलांचं काय? त्यांची नावं निकालात नाहीत. त्यांना कधी कळलंही नसेल की ती जागा आपली होती.

त्यानंतर साधारण वर्षभराने व्यापमं फुटलं, जुलै २०१३ मध्ये, तेही आपल्या इंदुरातूनच. 'इंजन-बोगी' हा शब्द सगळ्यांनी ऐकला. हुशार मुलगा पुढे, कॉपी करणारा मागे. २०१७ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने ६३४ जणांचे एम.बी.बी.एस. प्रवेश रद्दच ठेवले. पण त्याच चौकशीत वेटिंगशी जोडलेला दुसरा प्रकार पुढे आला, त्याची चर्चा कमी झाली. आरोपपत्रांत मांडलेली पद्धत अशी. आधीच दुसरीकडे डॉक्टरी शिकत असलेली मुलं पुन्हा पीएमटीला बसवायची, वरचा नंबर काढायचा, खासगी कॉलेजातली सरकारी कोट्याची जागा अडवून ठेवायची. काउन्सेलिंगच्या फेऱ्या संपल्या की शेवटच्या दिवशी ती सोडायची. वेटिंगवरच्या पोराला बोलवायला वेळ उरलेला नाही, मग कॉलेज ती जागा आपल्या माणसाला देणार. म्हणजे मुख्य यादी कागदावर स्वच्छ, आणि सगळा व्यवहार ३० तारखेच्या दुपारी.

प्रवेश नेमके कोणी करायचे, हा वादही इंदूरच्याच नावाने मिटला. मॉडर्न डेंटल कॉलेज विरुद्ध मध्य प्रदेश, २ मे २०१६, पुन्हा पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. खासगी कॉलेजांसाठीही सरकारी सामायिक परीक्षा आणि फी ठरवणारी समिती असावी, हा राज्याचा २००७ चा कायदा कोर्टाने वैध ठरवला. जोशींच्या खटल्यानंतर एकसष्ट वर्षांनी. त्याच्या आदल्याच दिवशी, १ मे ला, देशभर 'नीट'चा पहिला टप्पा झाला होता. २०१७ साली कोर्टाने सामायिक काउन्सेलिंगनंतर उरलेल्या जागांसाठीही नियम दिला. कॉलेजने स्वतःच्या मनाने मुलं शोधायची नाहीत, रिकाम्या जागांच्या दहापट नावं गुणवत्तेनुसार कॉलेजला पाठवायची, आणि त्यातूनच क्रमाने भरायचं. खणातलं रजिस्टर पहिल्यांदा बाहेरच्या कोणीतरी भरायला घेतलं, असं मी त्याला म्हणतो.

तरी खिंडारं राहतातच. पदव्युत्तर मेडिकलमध्ये शेवटच्या मॉप-अप फेरीत १४६ नव्या जागा आल्या. ज्यांनी आधीच्या फेरीत जागा घेतल्या होत्या त्यांना या जागांसाठी अर्जच करता येईना. खालच्या रँकवाल्यांना वरच्या जागा. रीवा आणि इंदूरचीच गोष्ट. ३१ मार्च २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ती फेरी रद्द केली. इंटरनेटवर सगळं दिसतं म्हणून सगळं न्याय्य होतं असं नाही, पण यातला एक फरक लहान नाही. या वेळी मुलांना त्याच आठवड्यात कळलं की आपलं काय गेलं. आमच्या ताईला पाकिटावरचा शिक्का वाचून कळलं होतं.

माहितीचा अधिकार २००५ साली आला, तेव्हा आमच्या कार्यालयात पहिला अर्ज आला तो वेटिंगबद्दलच होता. एका पालकाने वेटिंगच्या रजिस्टराची सगळी पानं आणि पोस्टिंगचे शिक्के मागितले. साहेब घाबरले, मला म्हणाले, "देना पड़ेगा क्या?" मी म्हटलं, "देना पड़ेगा." दोन रुपये पानाने झेरॉक्स दिली. त्या वर्षी पत्रं त्याच दिवशी टपालात पडली.

आज विद्यापीठाच्या विभागांत प्रवेश ऑनलाइन आहेत, देवी अहिल्याने २०२२ पासून केंद्रीय परीक्षाही घेतली. खासगी विद्यापीठांचं मात्र मला अजून समजत नाही. तिथं 'वेटलिस्ट' म्हणून मेल येतो, नंबर नसतो, आणि दोन दिवसांनी फोन येतो की जागा आहे, पण संध्याकाळपर्यंत पैसे भरा. गेल्या वर्षी शेजारच्या पाटणकरांच्या नातीला असाच फोन आला. मी त्यांना म्हटलं, तीनच गोष्टी लेखी मागा: किती जागा मोकळ्या झाल्या, हिचा नंबर कितवा, मुदत नेमकी किती वाजेपर्यंत. उत्तर आलं नाही, फोनही परत आला नाही. पोरगी आता इथंच होळकर कॉलेजात आहे, मजेत आहे.

मंडळी, एक विनंती. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथं कुठं असाल तिथल्या घरात जुन्या फाइलींत प्रवेशाची पत्रं असतील तर त्यांचे फोटो इथं टाका. नाव-पत्ता झाकून टाका, पण पत्रावरची तारीख, हजर व्हायची तारीख आणि पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का, हे तिन्ही दिसू द्या. ताईचं पाकीट मी पुढच्या रविवारी देवासला गेलो की स्कॅन करून आणतो.